दाखला हातात देण्याआधी : मुख्याध्यापकांना आणि प्राचार्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. छत्रपती संभाजीनगरच्या एका अनुदानित शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली बरीच वर्षं नववी-दहावीची वर्गशिक्षिका होते, शेवटी पर्यवेक्षिका. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस एका व्यसनमुक्ती केंद्रात जाते आणि तिथल्या पोरांचा सुटलेला अभ्यास घेते. पत्र लिहायला कारण एकच आहे. शाळेत एखादं पोर गांजा, गोळ्या किंवा एमडी नावाच्या रासायनिक नशेसकट सापडलं की आपण त्याच्या हातात दाखला ठेवतो. ते थांबवा, ही विनंती करायची आहे. आणि ती करण्याआधी मी स्वतः काय केलं ते सांगायला हवं.

ऑगस्ट २०१८. मधल्या सुट्टीनंतरचा तास. नववीतला एक मुलगा बाकावर डोकं टेकून झोपला होता. हलवलं तरी उठेना. उठला तेव्हा जीभ जड झालेली, डोळे अर्धे मिटलेले. दप्तर तपासलं तर कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली, गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. आमच्याकडे पोरं तिला ‘बटन’ म्हणतात, मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’. मूळची ती झोपेसाठी किंवा घबराटीवर द्यायची गोळी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही, आणि विकली तर दुकानदारानं वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे. पंधरा वर्षांच्या पोराला ती वीस-तीस रुपयांत सुटी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावलं. वाळूजच्या कंपनीतली रात्रपाळी करून ते तसेच आले होते, ओळखपत्र गळ्यातच होतं. संस्थेचं म्हणणं होतं, शाळेचं नाव पेपरात यायला नको. काढून टाकलं असं लिहिलं तर वरून विचारणा होईल. मग आपला नेहमीचा मार्ग काढला. अर्ज पालकांनी लिहायचा, मजकूर आपण सांगायचा. तो मजकूर मी सांगितला. ‘घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.’ ‘पाल्याचा’ लिहिताना ते अडले, तेव्हा मी अक्षरं सांगितली. जनरल रजिस्टरमध्ये ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं मीच लिहिलं. त्या दिवशी शिक्षक खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

पुढचं मला पाच वर्षांनी कळलं. वडिलांनी त्याला गावी काकांकडे नेऊन खोलीत कोंडलं. त्यांना वाटलं, चार दिवस गोळी मिळाली नाही की पोरगा ताळ्यावर येईल. या गोळ्या रोज घेणाऱ्याच्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं, पण मलाच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. जीपमध्ये घालून इथल्या घाटी रुग्णालयात आणलं, वाचला. शाळेत मात्र परत गेला नाही. नववीतून अर्ध्या वर्षात दाखला घेतलेला मुलगा म्हटल्यावर दोन शाळांनी ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवलं. मग गॅरेज. मग गॅरेजच्या मागे भेटणाऱ्या मोठ्या पोरांनी पुड्या पोहोचवायचं काम दिलं. पोहोचवता पोहोचवता तोही एमडी घेऊ लागला.

२०२३ मध्ये केंद्रात माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा वीस वर्षांचा होता. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वही पुढे ठेवून म्हणाला, “मॅडम, एक विचारू? पप्पांनी माझी शाळा का सोडवली?”

दाखल्यावर तसंच लिहिलं होतं ना. आपल्याच बापानं अर्ज करून आपल्याला शाळेतून काढलं, ही गोष्ट त्यानं पाच वर्षं मनात ठेवली होती. घरात दोघांचं धड बोलणं नव्हतं. बापानंही खरं सांगितलं नाही, कारण सही त्याचीच होती. मी त्या पोराला सगळं सांगितलं. अर्जाचा मजकूर माझा होता, हेही सांगितलं. तो काही बोलला नाही, वही उचलून बाहेर गेला. चार दिवस माझ्याकडे अभ्यासाला आला नाही.

हे वाचताना तुमच्यातल्या अनेकांना आपापल्या शाळेतलं एखादं पोर आठवेल. ‘आमच्या शाळेत तसलं काही नाही’ असं आपण पालकसभेत म्हणतो, तेव्हा खरं म्हणजे ‘आमच्या शाळेत तसलं कुणी राहिलेलं नाही’ असं म्हणत असतो.

मुलांना नशेचे तोटे माहीत नाहीत, या समजुतीवर आपलं सगळं काम चालतं. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, फेरी, शपथ, चित्रकला स्पर्धा, एखाद्या अधिकाऱ्याचं भाषण. पण पोरांना तोटे माहीत आहेत. एम्सच्या पुढाकारानं मुंबईसह देशातल्या दहा शहरांत आठवी, नववी, अकरावी आणि बारावीच्या ५,९२० विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण झालं. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितलं की नशा घातक असते. त्याच मुलांपैकी १५.१ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी, आणि १०.३ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात काहीतरी घेतलेलं होतं. यात तंबाखू आणि दारूही मोजलेली आहे. त्याखालोखाल नंबर आहे तो गुंगीच्या, अफूच्या जातीतल्या औषधांचा, बहुतेक चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्यांचा, आणि मग गांजाचा. पहिल्यांदा घेतलं तेव्हाचं सरासरी वय १२.९ वर्षं. म्हणजे सातवी-आठवी.

मला त्यातला आणखी एक आकडा झोपू देत नाही. आपण नशा करतो का असं विचारलं तर आपण लपवू, असं निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितलं.

का लपवतील, हे मला एका चिठ्ठीनं शिकवलं. निवृत्तीनंतर एका शाळेत नववीच्या वर्गावर बोलायला गेले होते. भाषण करायचं नाही असं ठरवलं होतं. चपलांचा रिकामा खोका घेतला, वर चीर पाडली आणि नाव न लिहिता प्रश्न टाकायला सांगितले. बेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. ‘गांजा झाड आहे, केमिकल नाही, मग वाईट कसा?’ असं तिघांनी विचारलं होतं. ‘एमडीनं रात्रभर अभ्यास होतो, खरं का?’ ‘पप्पा रोज पितात, त्यांना कोणी का सांगत नाही?’ पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या भावाबद्दल एकानं लिहिलं होतं, तो जिममध्ये ताकदीचं इंजेक्शन घेतो, काही होईल का? (होतं. रक्तदाब पडला तर डॉक्टर वापरतात ते इंजेक्शन आहे, हृदयावर थेट परिणाम करणारं.) एक चिठ्ठी वहीच्या पानाचा लाल समासाचा तुकडा फाडून लिहिलेली होती. बोटभर कागद, त्याच्या चार घड्या घातलेल्या. ‘माझा मित्र व्हाइटनर ओढतो. सरांना सांगितलं तर त्याला काढतील का?’

तिथे मुख्याध्यापक शेजारीच बसले होते. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली नाही, त्यांच्या हातात दिली. सगळ्या राज्याच्या वतीनं त्या मुलानं विचारलेला प्रश्न आहे तो. त्याचं ‘नाही, काढणार नाहीत’ हे उत्तर आपण छातीठोकपणे देऊ शकत नाही, तोवर दुसरं पोर काही सांगणार नाही. आणि व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर हे प्रकार मुलांचेच आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये प्रमाण जास्त असलेली ही एकच नशा निघाली होती. देशात ४.६ लाख मुलांना हुंगण्याच्या व्यसनासाठी मदतीची गरज आहे असा त्यातला अंदाज, आणि अशा मुलांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत आपलं राज्य आहे. हुंगताना हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. त्या चिठ्ठीतल्या मित्राला वाचवायचं तर वेळ फार नाही.

पोलिसांची भाषणं बंद करा असं मी म्हणत नाही. पण नुसत्या भाषणांचं काय होतं याचा मोठा अनुभव अमेरिकेनं घेऊन झाला आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला, गणवेशातल्या पोलिसांनी वर्गात जाऊन शिकवायचा ‘डेअर’ कार्यक्रम देशभर पसरला. नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलं की मुलांच्या नशेवर त्याचा परिणाम नगण्य होता. ते मग तो बदलायला लागले. आपण अजून फेरीचे फोटो अहवालाला जोडतो आहोत.

दुसरी गोष्ट, माल आता लांबून येत नाही. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या काळात, १९८६ मध्ये, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हा विष सीमेपलीकडून येतं असं आपण म्हणायचो. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. ते रसायनांपासून बनतं, शेत लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा धागा लागला आणि सगळीकडचा मिळून दीड हजार किलोहून जास्त माल पकडला गेला. पोरं इन्स्टाग्रामवरून, टेलिग्रामवरून मागवतात, यूपीआयनं पैसे देतात. शाळेच्या भिंतीची उंची वाढवून हे थांबणार नाही. आपल्याकडे एकच गोष्ट आहे जी त्या विकणाऱ्याकडे नाही : ते पोर रोज सहा तास आपल्यासमोर बसतं. दाखला दिला की तेही सहा तास आपण त्या विकणाऱ्याला देऊन टाकतो.

अकरावी-बारावीत तर ते सहा तासही उरलेले नाहीत. प्राचार्यहो, हे तुमच्यासाठी आहे. नाव तुमच्या पटावर, मुलगा दिवसभर खासगी क्लासला, हजेरी कागदावर. सोळा-सतरा वर्षांची, गावाहून आलेली, खोली करून राहणारी पोरं आहेत ही. तीन आठवडे पोरगा दिसला नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्यानं दिसणं कुणाच्या हिशेबातच नाही. केंद्रात मला भेटणाऱ्या पोरांपैकी बऱ्याच जणांची सुरुवात अशाच खोल्यांवरची आहे. क्लासवाले म्हणतात कॉलेज बघेल, कॉलेज म्हणतं क्लासला जातो.

आता तुमच्या मनातला प्रश्न. एकासाठी बाकीच्या साठ मुलांचं काय? मीही तेव्हा हेच म्हणाले होते. त्या मुलाला काढल्यावर वर्ग सुधारला असं मला वाटलं, कारण वर्ग शांत झाला होता. पाच वर्षांनी त्यानंच सांगितलं की त्या वेळी वर्गात बटन घेणारे आणखी चौघं होते. त्याला काढल्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी दप्तरात ठेवणं बंद केलं, इतकंच. आम्ही त्यांना लपवायला शिकवलं.

आणि जो इतरांना देतो त्याचं काय? देणारं पोर बहुतेकदा स्वतः घेणारं असतं, आणि त्याच्यामागे कुणीतरी मोठा माणूस असतोच. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला आणि त्याच्याकरवी तो विकणाऱ्या-पोहोचवणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ आणि ७८ कलमांत सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्या मोठ्या माणसाची तक्रार करा, ठामपणे करा. पण त्याचं नाव आपल्याला कोण सांगणार? ते पोरच. दाखला घेऊन गेलेलं पोर नाव सांगायला परत येत नाही.

कायद्याची भीती आपल्याला वाटते त्यापेक्षा कायदा मुलांच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढताच येत नाही, आणि ‘विनंती अर्ज’ लिहून घेणं म्हणजे त्यातून काढलेली पळवाट आहे. अठराच्या आतल्या मुलानं नुसतं सेवन केलं असेल तर पोलीस एरवी गुन्हा दाखल करत नाहीत, दैनंदिनीत नोंद करून त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा असतो. व्यसनी माणूस आपणहून उपचाराला तयार झाला तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याला संरक्षण देणारं ६४अ कलम अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे. हे आपल्याला बी.एड.ला कुणी शिकवलं नाही. मलाही निवृत्त झाल्यावर कळलं.

मग सापडलं तर करायचं काय? पहिलं म्हणजे वर्गासमोर झडती नको. पोराला बाजूला घ्या, शुद्ध कशी आहे ते बघा. गुंगीत असेल तर आधी डॉक्टर, मग चौकशी. पालकांना बोलावलं की पहिलं वाक्य ‘याला कोंडू नका, मारू नका’ हे असू द्या, आणि दुसरं ‘गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम तोडू नका’. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे शिक्षकानं स्वतः सोबत जावं. बाप एकटा गेला तर दारातून परत येतो, हे मी पाहिलं आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत मदतवाहिनी आहे, मुलांसाठी १०९८ आहे. हे नंबर सूचनाफलकावर लावाच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा. तिथे पोरं एकटी असतात.

उपचाराला महिना-दोन महिने लागले तर तेवढी रजा आजारपणाची धरा. कावीळ झालेल्या पोराची आपण धरतोच. पटावरचं नाव हलवू नका. वर्गातलं बाक रिकामं ठेवा. एमडी सुटताना पोर दिवसेंदिवस झोपतं, खातं, मग उदास होतं, चिडतं, सगळ्यांवर संशय घेतं. त्या दिवसांत ‘परत जायला वर्ग आहे’ एवढ्यावर ते तग धरतं. परत येऊन पुन्हा घसरलं, तर पुन्हा हेच करा. घसरण होतेच. माझा हा मुलगाही दोनदा घसरला.

इथे शासनाकडेही बोट दाखवायला हवं. अठराच्या आतल्यांसाठी वेगळी व्यवस्था असलेली केंद्रं फार थोडी आहेत. चौदा वर्षांच्या पोराची खाट पन्नाशीच्या दारुड्याशेजारी लावली जाते आणि महिनाभर ते त्याच्या गोष्टी ऐकत बसतं. समुपदेशकाचं पद कित्येक शाळांत कागदावरच आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून हे शिक्षण विभागाकडे मागा, मी सही करायला पहिली येईन. पण ते मिळेपर्यंत दाखला न देणं तुमच्या हातात आहे. त्याला अनुदान लागत नाही.

चार दिवसांनी तो मुलगा वही घेऊन परत आला होता. मध्ये त्यानं वडिलांना फोन केला होता, एवढंच सांगितलं. काय बोलले, मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी वडील भेटायला आले तेव्हा मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “मॅडम, सही तर माझीच होती.” मुलानं बाहेरून दहावीला बसण्याचा, सतरा नंबरचा फॉर्म भरला. त्याला मूळ दाखला जोडावा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यानं तो काढला तेव्हा घड्यांवर फाटलेला होता, ‘कारण’ हा रकाना बरोबर घडीवर आलेला. दहावीला गणितात पस्तीस मिळाले. आता एका दुकानात हिशेबाला आहे.

जनरल रजिस्टर आपल्याकडे कायमचं जपून ठेवायचं असतं. तुमचं कपाटात असेल. एवढं करा, या आठवड्यात ते काढा आणि गेल्या पाच वर्षांची पानं उलटा. नववी ते बारावी, वर्षाच्या मध्येच, ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलेली नावं वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्या घरांना फोन करा. नंबर बदलले असतील, तर त्याच्या वर्गातल्या पोरांना विचारा. तो कुठे असतो हे त्यांना माहीत असतं.

आपली,
एक निवृत्त वर्गशिक्षिका
छत्रपती संभाजीनगर